बनवणारीचं नाव

हिरालाल सेठने आमच्या ओसरीवर पाकिटांना लावायच्या छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा ठेवला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘तांदळाचे पापड. तयार करणार: हिरालाल, तुमसर.’ हा माणूस जन्मात कधी चुलीपुढे बसला असेल तर शपथ!

करडीच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या आम्ही चार बायका पापड करायचो आणि त्याच्या दुकानात द्यायचो. टोपल्यातून सुटे विकले जात होते, तोवर कोणी काही विचारलं नाही. मग अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास सरकारी नियम आला. बंद पाकिटावर वजन, महिना आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता पाहिजे.

“बनवतो आमी, मंग नाव तुमचं काहून?” माझी मोठी जाऊ देवकाबाई म्हणाली.

सेठ इकडेतिकडे बघू लागला. “बाई, तुमच्याच भल्याचं सांगून राहिलो. गजभिये वाचलं का लोक समजतात. पाकीट तसंच पडून राहते.”

आमच्या आडनावावरून काय समजतात, ते त्याने उघड सांगितलं नाही. गरजही नव्हती. मी दिलेला चहा त्याच्यापुढे निवत होता. पोट बरं नाही म्हणे! दुकानात मात्र आमचेच तळलेले पापड येताजाता तोंडात टाकायचा.

देवकाबाईने गठ्ठा उचलला आणि चुलीत घातला. “माहं नाव नाई, तर पापडबी नाई.”

दुसरं कुठलंच दुकान आमचे पापड घेत नव्हतं. सेठ गेल्यावर मी भांडलेच. “नावानं का चार घरचे पोटं भरतीन?”

“आजवर बिननावानं भरले,” ती म्हणाली. “आता नावानं भरून पाहू.”

मग मीच कागद कापून चिठ्ठ्या लिहिल्या. ‘तयार करणार: देवकाबाई गजभिये, बौद्ध मोहल्ला, करडी, जिल्हा भंडारा.’ वजन आणि महिनाही घातला.

तुमसरच्या बाजारात आम्ही मुद्दाम सेठच्या दुकानासमोर बसलो. लोक पाकीट उचलायचे, वाचायचे आणि हळूच खाली ठेवायचे. एकाने तर हात धोतराला पुसले. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. देवकाबाई पाकिटं पुन्हा सरळ लावत राहिली, नाव वर करून.

ऊन कलल्यावर सेठची बायको पार्वताबाई आली. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं, दुकानातले पापड संपले होते आणि पाहुण्यांना हेच हवे होते. नजर न देता ती म्हणाली, “सगळे पाकीट बांधून दे.”

देवकाबाईने पाकीट पुढे केलं, पण सोडलं नाही. “आधी वाचा.”

“काय वाचू? माहीत हाय मले.”

“मंग मोठ्यानं वाचा.”

पार्वताबाईने दुकानाकडे पाहिलं. सेठ तराजूशी मान खाली घालून बसला होता. तिने वाचलं, पण तोंडातल्या तोंडात.

“ऐकू नाई आलं,” देवकाबाई म्हणाली.

तेव्हा तिने भर बाजारात खणखणीत वाचलं, नावापासून मोहल्ल्यापर्यंत, मोहल्ल्यापासून जिल्ह्यापर्यंत. आजूबाजूची माणसं थांबून ऐकत होती.

मग कुठे देवकाबाईने पाकीट सोडलं.