तळोद्याच्या बाजारात मेलेली कोंबडी

आठवडे बाजार असूनही त्या दिवशी तळोद्यात भाजीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळी गर्दी आमच्या किराणा दुकानासमोर, जडीबुटीवाल्या महाराजांभोवती.

“सातपुड्याच्या सात शिखरांवरच्या सात मुळ्या!” महाराज गरजले. “हा अर्क पाजा, मग फवारणीचं जहरसुद्धा जनावराला पाण्यासारखं! डॉक्टर नुसती सुई टोचतो, आम्ही यमाला माघारी धाडतो!”

त्यांनी कीटकनाशकाच्या बाटलीतून पेल्यात पांढरं काहीतरी ओतलं. जमलेले सगळे कपाशीवाले. औषध पाण्यात पडलं की दुधासारखं होतं, हे रोजचं पाहिलेलं. म्हणून पांढरं दिसलं तेच विष, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

महाराजांनी ते सोबत आणलेल्या कोंबडीच्या चोचीत घातलं, तिला उताणी निजवलं आणि छातीवरून बोट फिरवत पुटपुटले. कोंबडी गार!

“मरी गई रे भो!”

“आता बघा अर्काची करामत!”

सर्वांत पुढे तापीकाठचे हेमकांतभाई होते. फवारणीचा पंप धुतलेलं पाणी त्यांची म्हैस सकाळी प्यायली होती. तोंडातून लाळ, पाय लटपटत.

“महाराज, बेगीन द्या! मन्ही म्हैस मरी ऱ्हायनी. डॉक्टरले बलावं नई मी, तुमनाच भरोसा शे.”

इकडे माझं लक्ष कोंबडीकडे. आम्हा जैनांत मरणाऱ्या जिवाच्या कानात नवकार मंत्र म्हणतात. मी पुढे झाले, बिचारीला कुशीवर वळवलं आणि वाकले. कोंबडीचा कान कुठे असतो, मला काय ठाऊक! शोधत शोधत “नमो अरि...” एवढं म्हटलं, तोच ती ताडकन उठली आणि माझ्या पदरावर घाण करून चालू लागली.

“भाभीना हातमा देव शे!”

दोघी बाया माझ्या पाया पडल्या. महाराजही हुशार, म्हणाले, “माझाच मंत्र जरा उशिरा लागू पडला!”

मी घाबरले. खोट्या चमत्काराचं पाप कोण डोक्यावर घेणार?

“अहो, उठा! माझा मंत्र पुरा तरी कुठे झाला? वळवली म्हणून उठली ती.”

मी कोंबडीला पकडलं. “मिच्छामि दुक्कडम्, बाई,” अशी तिची माफी मागून तिला उताणी केलं, छातीवरून बोट फिरवलं. ना विष, ना मंत्र. कोंबडी पुन्हा गार! वळवली, उठली.

“बघा. उताणी धरली की भीतीने थिजते, एवढंच.”

“अन् जहर?” कोणीतरी विचारलं.

हेमकांतभाईंनी पेला नाकाशी नेला. “आमनी दवाईना वास डोकं फिराई टाकस. हाई तर ताक शे!”

मुळ्या गोळा करण्याची महाराजांची चपळाई बघण्यासारखी होती.

“हेमकांतभाई, त्यांना पळू द्या,” मी म्हणाले. “आधी डॉक्टरांना फोन लावा!”

जनावरांच्या सरकारी दवाखान्याचे डॉक्टर योगेंद्र थेट गोठ्यावर गेले, विषावरचं इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, “वनस्पतींत गुण असतात, भाई. पण कोणती, कोणत्या विषावर, किती, हे आधी तपासून ठरवावं लागतं. तुमची म्हैस म्हणजे प्रयोगशाळा नाही. अजून तासभर उशीर झाला असता तर मीही काही करू शकलो नसतो.”

दुसऱ्या दिवशी म्हशीने वैरणीला तोंड लावलं. आणि आमच्या दुकानासमोर एक म्हातारी शेळी घेऊन उभी: “भाभी, जरासा हात लाव ना.”

मी शेळीला हात लावला आणि म्हातारीच्या हाती डॉक्टरांचा नंबर दिला.

श्रद्धा माझीही आहे. म्हैस सावरेपर्यंत मी माळ जपत होते. पण फोन आधी लावायला सांगितला होता. देवापुढे हात नंतरही जोडता येतात. विष तेवढा वेळ थांबत नाही.