लंकाबाईची चकाचक खोली

लंकाबाईला खोलीची किल्ली मिळाली त्या दिवशी मी निवाऱ्यात पेढे वाटले होते. बरोबर तीन महिन्यांनी त्याच खोलीच्या दारात उभं राहून मला तिचा गळा धरावासा वाटला. दोन्ही वेळा माझं काळीज सारखंच धडधडत होतं, म्हणून सगळं सांगते.

मी शुभांगी. नाशकातल्या बेघरांच्या एका निवाऱ्याची व्यवस्थापक. स्वभाव तापट. आई म्हणते, हिला जन्मल्यावर मधाऐवजी ठेचा चाटवला असणार. पण सत्तर माणसं आणि दोन नळ सांभाळायचे तर गोड बोलून भागत नाही. निवाऱ्यात बायका वरच्या हॉलमध्ये आणि पुरुष खालच्या, असा नियम. नवरा-बायको असले तरी तोच. त्यामुळे लंकाबाई आणि भिमाजी हे पन्नाशीपलीकडचं जोडपं सकाळी नळावर भेटायचं आणि संध्याकाळी जेवणाच्या रांगेत. बाकी वेळ मधे जिना.

दोघं मूळची सायखेड्याच्या बाजूची. मजुरीसाठी शहरात आली, भाड्याची खोली सुटली आणि रविवार कारंज्याजवळच्या एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर मुक्काम पडला. तो मुक्काम चौदा वर्षं टिकला. निवाऱ्यात आणल्यावर लंकाबाई पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली होती, "ताई, इथं पंखा हाय, जेवान हाय, समदं हाय. पन पायरीवर पाठीला पाठ तरी लागायची." तेव्हाच मला कळलं होतं की या बाईला हॉल पुरणार नाही.

मग राज्य सरकारची नवी योजना आली. बेघर माणसाला आधी काम मिळवून द्यायचं, काम तीन महिने टिकलं की खोली. खोलीत तीन महिने नीट राहिलात तर ती पाच वर्षांसाठी तुमच्या नावावर. मात्र कुलूप लावून ठेवलीत किंवा परस्पर दुसऱ्याला दिलीत, तर यादीतल्या पुढच्या माणसाला. मी यादीत पहिलं नाव घातलं ते या दोघांचं. गंगापूर रोडच्या एका नर्सरीत दोघं जोडीने कामाला लागली. ती पिशव्यांत माती भरायची, तो रोपांना पाणी घालायचा. तीन महिन्यांत एक खाडा नाही. नर्सरीपासून चालत दहा मिनिटांवरच्या इमारतीत तळमजल्याची चार नंबरची खोली त्यांना मिळाली. किल्ली हातात घेऊन लंकाबाईने ती दोनदा उलटी करून बघितली आणि पदराला गाठ मारून ठेवली. मी पेढे आणायला पळाले.

एप्रिलमध्ये कळलं की मुंबईहून पाहणीला मॅडम येणार. राज्यभर अशा पाहण्या चालल्या होत्या. आदल्या संध्याकाळी लंकाबाई निवाऱ्यावर आली. आनंदाने तिचा पाय जमिनीवर ठरत नव्हता.

"ताई, खोली अशी करून ठिवते की मॅडम बघतच ऱ्हातील."

"करा मावशी," मी म्हटलं, "एकदम चकाचक करा."

हे मी माझ्याच तोंडाने म्हटलं होतं. आधीच कबूल करून टाकते.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला उज्वला मॅडम आल्या. चाळिशीच्या, काटक, हातात टॅब. बोलणं कमी आणि बघणं जास्त. आमच्या निवाऱ्यातली आणखी तीन कुटुंबं याच इमारतीत पहिल्या मजल्यावर होती, पण मॅडम म्हणाल्या, खालून सुरुवात करू. तळमजल्यावर एक, दोन आणि तीन नंबरच्या खोल्या अजून कुणालाच दिलेल्या नव्हत्या. चार नंबरच्या दारात दोघं उभी होती. भिमाजीने दाढी केली होती. लंकाबाईने केसांना इतकं तेल लावलं होतं की कपाळ चकाकत होतं. मला वाटलं, आजचा दिवस माझा.

लंकाबाईने दार उघडलं.

आत काही नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. फरशी ओली आणि फिनेलचा वास. भिंतीला खिळा नाही, दोरी नाही, कोपऱ्यात डबा नाही, हंडा नाही. योजनेतून मिळालेली गॅसची शेगडी खोक्यात, खोक्यावर चिकटपट्टी जशीच्या तशी. वर बघितलं तर होल्डरमध्ये बल्बसुद्धा नव्हता.

"बघा ताई," लंकाबाई अभिमानाने म्हणाली, "हितं कुनी ऱ्हातंय असं वाटतंय तरी का?"

"नाही वाटत," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "खरंच नाही वाटत."

लंकाबाईला ते कौतुक वाटलं. ती भिमाजीकडे बघून हसली. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

भांड्यांच्या दुकानदाराची त्यांना एकच अट होती. रात्री पायरीवर झोपा, पण सकाळी शटर उघडताना तिथे कुणी होतं याची खूण दिसता कामा नये. चौदा वर्षं त्यांनी ती अट पाळली. उजाडलं की अंथरूण, भांडी, स्टोव्ह सगळं दोन गाठोड्यांत. पायरी झाडायची, पुसायची, वर पाणी मारायचं. जी जागा स्वच्छ सोडली तिथे रात्री परत येता येतं, हे त्यांचं आयुष्यातलं सगळ्यात पक्कं शिक्षण. आणि कुणी साहेब येणार असेल तर दुप्पट घासायचं. आज मॅडम येणार म्हणून त्यांनी बल्बसुद्धा काढून गाठोड्यात भरला होता.

"सामान कुठे आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाय ठिवलं आत," भिमाजी म्हणाला. "कायबी नाय ठिवलं."

शेजारच्या जिन्यात वरच्या मजल्यावरची कुसाबाई तांदूळ निवडत बसली होती. मॅडमनी तिला विचारलं, ही दोघं इथेच राहतात का? कुसाबाई म्हणजे खोटं बोलली तर जीभ झडेल या श्रद्धेची. म्हणाली, "असत्यात की. पन रोज सकाळी गाठुडी घिऊन भाईर पडत्यात बाई. दिवसा खोली मोकळीच असती."

मॅडमचं बोट टॅबवर फिरायला लागलं. मी मधे पडले. चौदा वर्षं, पायरी, दुकानदार, अट, सगळं एका दमात सांगितलं. आवाज चढलाच माझा.

"तुमच्यावर माझा अविश्वास नाही," मॅडम म्हणाल्या. "पण मागच्या आठवड्यात एका ठिकाणी अशीच रिकामी खोली आणि अशीच छान गोष्ट ऐकली. खोली दुसऱ्यालाच दिलेली निघाली. मी डोळ्यांना दिसतं तेच लिहिते. लाइटचं मीटर बघावं तर ते सगळ्या इमारतीला मिळून एकच. वरच्या तीन खोल्या बघून येते. तोवर दाखवण्यासारखं काही असेल तर शोधा. आता सामान आणून मांडू नका, ते कुणालाही जमतं."

त्या जिना चढल्या. मी लंकाबाईकडे वळले आणि माझा तोल गेला.

"अहो मावशी, चकाचक म्हणजे घर चकाचक! घर पुसून टाका असं कोण म्हणालं होतं तुम्हाला? ती बाई लिहिणार, इथे कुणी राहत नाही. कळतंय का? खोली जाईल."

लंकाबाईचं हसू हळूहळू मावळलं. तेलकट कपाळावर घाम आला. "पन ताई, आमी तर घाण केली नाय कुटं. येक डाग नाय पडू दिला."

"तेच तर चुकलं."

भिमाजी वाकला आणि शेगडीचं खोकं भिंतीला सरळ लावून ठेवलं, जाताना नीट दिसावं म्हणून. मग बायकोला म्हणाला, "चल. पायरी हाय अजून. म्या परवाच बघून आलो."

"चला," ती म्हणाली. "त्या हालमधी न्हाय जायची म्या परत. आपन पायरीवरच."

मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं, आणि रडू आलं की मला जास्त राग येतो. "कुणीही कुठे जायचं नाही," मी ओरडले. "गाठोडी कुठे आहेत?"

"मागं, लिंबाच्या झाडावर."

मांडू नका म्हणाल्या होत्या, दाखवू नका असं कुठे म्हणाल्या होत्या? मी इमारतीला वळसा घालून मागे पळाले. मागची जागा म्हणजे नुसती तापलेली माती आणि दगड. एप्रिलचं ऊन, गवताची काडी नाही. लिंबाच्या फांदीवर दोन गाठोडी दिसली. डोळे वर ठेवून धावत होते, तेवढ्यात पाय सटकला आणि मी सपशेल चिखलात बसले.

चांगला कुर्ता घातला होता त्या दिवशी. पहिल्यांदा एक शिवी आली तोंडात. मग विचार आला, एप्रिलमध्ये चिखल? मी बाजूला बघितलं. माझ्या खांद्यापर्यंत आलेलं अळू. हिरवंगार, ताटाएवढी पानं, देठ जांभळट. वाफा विटांनी आखलेला, कडेला झेंडू. आणि भिंतीतून आलेल्या मोरीच्या पाइपमधून त्यात थेंब थेंब पाणी पडत होतं.

मी तशीच बसून भिंतीकडे बघत राहिले. भिंतीत चार पाइप होते, तळमजल्याच्या चार खोल्यांचे; वरच्या मजल्याचे पाइप दुसऱ्या बाजूला होते. पहिल्या तीन पाइपांत कोळ्यांनी जाळी विणली होती. त्यांच्याखालची माती भेगाळलेली. चौथ्याखाली अळू.

त्यानंतर मी कशी धावले ते मला आठवत नाही. चिखलाचे पाय घेऊन मी जिना चढले, एका खोलीत टीव्ही, कॅलेंडर आणि पापडांचा पसारा बघत उभ्या असलेल्या मॅडमना म्हटलं, "चला. आत्ताच्या आत्ता चला." त्यांनी माझा अवतार बघितला आणि काही न विचारता निघाल्या. मागोमाग लंकाबाई, भिमाजी, आणि सूप काखेत मारून कुसाबाई.

मॅडम पाइपांपाशी थांबल्या. पहिला बघितला, दुसरा, तिसरा. चौथ्याशी गुडघ्यावर बसल्या आणि वाफ्यातली माती बोटांनी चिवडली. ओल खोलवर होती.

"हे कधी लावलं?"

"किल्ली भेटली त्याच्या दुसऱ्या दिशी," लंकाबाई घाबरत म्हणाली. "नर्सरीच्या बांधावरचं चार कंद आनलं. आंघोळीचं, भांड्याचं पानी फुकट जात व्हतं. पन हे घराच्या भाईर हाय मॅडम. आत कायबी लावलं नाय. काढायचं का?"

"काढू नका," मॅडम पटकन म्हणाल्या.

कुसाबाई पुढे आली. "हिच्या अळूचं फदफदं आमी चार येळा खाल्लंय. वरच्या समद्यांनी खाल्लंय. घसा जरासुदिक खाजत नाय."

"मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुमी गाठुड्याचं इचारलं. अळूचं कुटं इचारलं?"

मॅडम पहिल्यांदा हसल्या. उभं राहून त्यांनी पाइपांचे चार फोटो काढले, प्रत्येकाचा वेगळा. मग टॅबवर काहीतरी लिहिलं आणि स्क्रीन माझ्यापुढे धरली. 'खोली नियमित वापरात. कुटुंब वास्तव्यास आहे. मुदत पाच वर्षे.' मी ते तीनदा वाचलं. चिखलाच्या हातांनी मी लंकाबाईला मिठी मारली, तिचं धुतलेलं लुगडं खराब झालं, आणि त्या वेळी तिलाही त्याचं काही वाटलं नाही.

"एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. दोघांचे चेहरे लगेच उतरले. अट या शब्दाने त्यांना चौदा वर्षं वळण लावलं होतं. "पुढच्या वेळी मला भिंतीवर निदान एक खिळा दिसला पाहिजे."

"भिंतीला भोक पडंल," भिमाजी म्हणाला.

"पडू दे. तुमची भिंत आहे."

कुसाबाईने वरून खिळा आणला. भिमाजीने वाफ्याची एक वीट उपटली आणि ती घेऊन खोलीत आला. पहिला घाव त्याने इतका हळू घातला की खिळा खाली पडला. दुसरा जोरात बसला आणि भिंतीचा पोपडा उडाला. तो दचकून मॅडमकडे बघायला वळला, पण मॅडम गाडीकडे निघून गेल्या होत्या. मग त्याने तिसरा घाव घातला.

पंधरा दिवसांनी नर्सरीकडे काम होतं, म्हणून न कळवता चार नंबरचं दार वाजवलं. आतून भांडं पडल्याचा आवाज आला. दार वीतभर उघडलं आणि लंकाबाईचं तोंड दिसलं. हाताला बेसन लागलेलं. मागे दोरीवर ओले कपडे, गॅसवर काहीतरी शिजत होतं, आणि गाठोड्यांची दोन्ही फडकी धुऊन खिडकीला पडद्यासारखी लावली होती.

"अगं बया, ताई," ती म्हणाली आणि दार आणखी लोटून घेतलं. "वाईच थांबा भाईर. लय पसारा पडलाय घरात. आदी सांगून तरी यायचं."

मला कुणी दारात थांबवलेलं खपत नाही, हे सगळ्या निवाऱ्याला माहीत आहे. मी चपला काढल्या, पायरीवर बसले आणि डोळे पुसत तिची हाक यायची वाट बघितली.