सोमवारची वादळं

एस्बियरच्या एका विमा कंपनीत वीबेके क्रूसेने पंचवीस वर्षं फोन उचलले. कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या तळघरात पाणी शिरलं, सगळं ऐकायचं आणि टाइप करायचं. मग लोक वेबसाइटवरच दावे भरायला लागले, फोनचं खातं बंद झालं, आणि एक्कावन्नाव्या वर्षी बाई घरी बसल्या!

दुसरी कुणी असती तर नशिबाला बोल लावत बसली असती. हिने नगरपालिकेच्या वर्गात नाव घातलं आणि पोरासोरांबरोबर पायथन आणि एसक्यूएल या संगणकाच्या भाषा गिरवायला घेतल्या. जे काम करायला चौघीजणींचा पंधरवडा जायचा, ते पहिल्यांदा चार ओळींत झालं. कॉफीचा पेला ओठाला लागायच्या आत तीन लाख नोंदी गावागावाप्रमाणे लागून समोर उभ्या! "अगं बाई!" ती त्या पडद्यालाच म्हणाली, आणि घरी जाईपर्यंत तिच्या अंगावरचा काटा गेला नव्हता.

पण शिकलं म्हणून नोकरी थोडीच मिळते? सत्तावीस ठिकाणांहून गोड शब्दांत नकार आले. अठ्ठाविसावी जागा तिच्या जुन्याच कंपनीतली, डेटा खात्यातली. "ही गेली तर सोमवारपासून मासळीच्या कारखान्यात," असं नवऱ्याला सांगून ती सकाळी सायकलवरून निघाली होती.

खात्याची प्रमुख सिग्ने जेमतेम बत्तीसची. "मी होयर गावची, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात वाढलेली," तिने आल्याआल्या सांगितलं. "हे तीस वर्षांचे वादळाचे दावे. यातून काय शिकता येतं ते दाखवा. तीन तास आहेत. कॉफी तिकडे, दालचिनीचे पाव संपवू नका."

दुसरा उमेदवार युलियस, कोपनहेगनचा. पोरगं हुशार, त्यात वाद नाही. बोटं अशी चालत होती की वीबेकेला आपण अजून मुळाक्षरंच गिरवतोय असं वाटलं. दोन तासांत त्याचं मॉडेल तयार.

वेळ संपल्यावर त्याने आलेख पडद्यावर लावला. "धोका सोमवारी चौपट. का, ते माहीत नाही. पण मॉडेलला 'का' लागत नाही."

"आमच्या चालू मॉडेललाही हेच सापडलंय," सिग्ने खूश होऊन म्हणाली. "तीन वर्षं आम्ही सोमवार धोक्याचा धरतो. वीबेके, तुझं?"

वीबेकेने आपल्या पडद्याकडे पाहिलं. तिच्यासमोरही तोच सोमवार होता, आणि तो कुठून आला ते या खोलीत फक्त तिला ठाऊक होतं. बोलावं तर एका दमात स्वतःचा घोळ कबूल करायचा आणि होणाऱ्या साहेबिणीलाही चुकीचं ठरवायचं. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. गप्प राहावं तर निदान बरोबरी तरी होती. तिला मासळीचा वास आला. मग ती बोललीच.

"सिग्ने, वादळं सोमवारी येत नाहीत गं. सोमवारी मी यायचे, कामावर."

"म्हणजे?"

"शनिवार-रविवार फोन बंद. वादळ शुक्रवारी येऊ दे नाहीतर रविवारी, लोक फोन करणार सोमवारी. आणि आमचं जुनं यंत्र मागची तारीख घ्यायचंच नाही, पडदा लाल करायचं. मग आम्ही सगळ्याजणी सोमवारचीच तारीख दाबायचो. नव्या मुलींना ते मीच शिकवलंय."

सिग्नेचं हसू मावळलं. "म्हणजे तीन वर्षं आम्ही…"

"हो. पण खरा वार, खरी वेळ आम्ही फेकली नाही. शेवटच्या रकान्यात लिहायचो, टीप म्हणून."

"तो रकाना मी काढूनच टाकला," युलियस म्हणाला. "नुसता कचरा आहे त्यात."

"कचरा? पंचवीस वर्षं पोट भरलं रे मी त्या कचऱ्यावर!"

वीज गेली की विजेच्या शेगडीवरचं घड्याळ थांबतं, आणि ते किती वाजता थांबलं हे लोक फोनवर हमखास सांगायचे. वीबेकेने बारा ओळींचा कोड लिहिला होता. प्रत्येक टिपेतून ती वेळ उचलायची आणि त्या घराच्या जागी नकाशावर ठिपका लावायचा. तिने नव्व्याण्णवच्या डिसेंबरातलं वादळ निवडलं आणि बटण दाबलं.

काळ्या नकाशावर पश्चिमेला, अगदी किनाऱ्याशी, एक ठिपका उजळला. मग तीन. मग मूठभर मोहऱ्या सांडाव्यात तसे शेकडो. रीबे उजळलं, कोल्डिंग उजळलं, सामुद्रधुनी ओलांडून ओडेन्स उजळलं. मिनिटामिनिटाने ते वादळ देश तुडवत पूर्वेला निघालं होतं. युलियस खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेला.

वीबेकेचे डोळे भरून आले. कानाला फोन लावून तिने आयुष्यभर एकेक तुकडा टिपला होता. हे सगळं मिळून असं काही होतं, इतकं मोठं, इतकं भयंकर देखणं, याची तिला कधी कल्पनाच आली नव्हती. "देवा रे," ती पुटपुटली, "हे आम्ही लिहून ठेवलं होतं?"

"होयर दाखव," सिग्ने हळूच म्हणाली. "ओस्टरगेड रस्ता, सतरा नंबरचं घर."

वीबेकेने ठिपका उघडला. टीप तशीच होती, शेवटी तिचीच आद्याक्षरं: "घड्याळ शुक्रवारी १६.२० ला थांबलं. आजी म्हणतात छप्पर गेलं. नात टेबलाखाली बसून होती, अजिबात रडली नाही. व्ही. के."

सिग्नेने ती टीप दोनदा वाचली. तिने नाक पुसलं.

"मी रडत होते," ती म्हणाली. "कोकलत होते चांगली. आजीने थाप मारली तुला."

"अरे देवा. म्हणजे हीसुद्धा नोंद चुकीची?"

"चुकीची." सिग्नेने तिच्यापुढे पावांची बशी सरकवली. "सोमवारी कामावर ये आणि दुरुस्त कर."