शिड्यांच्या कारखान्यातली लाल दोरी

मित्रांनो, मी एक जुनी लाल दोरी आहे. अंगावर इतकी धूळ साचली आहे की लाल म्हणायचे ते केवळ जुन्या ओळखीवर. घडीच्या शिड्या बनवणाऱ्या एका कारखान्यात, कामगारांच्या डोक्यावरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मी टांगलेली आहे. मला ओढले की घंटा वाजते आणि माल पुढे नेणारा सरकता पट्टा थांबतो.

मला बांधले थोरल्या साहेबांनी. त्या दिवशी ते सगळ्यांना म्हणाले, "आपल्या शिडीवर कुणाचा तरी जीव असतो. खोट दिसली की ओढा. मला विचारत बसू नका." असे बोलणारे पुष्कळ असतात हो! पण घंटा वाजली की हे गृहस्थ हातातला चहा तसाच ठेवून खाली येत आणि काय बिघडले ते विचारण्याआधी ओढणाऱ्याला म्हणत, "बरं केलंस." कधीकधी खोट निघायचीच नाही. तरीही "बरं केलंस"च. तेव्हा माझे काय लाड होते म्हणून सांगू!

ते निवृत्त झाले आणि धाकटे साहेब आले. त्यांनी मोठी सभा घेतली, 'गुणवत्ता आधी' हे कारखान्याचे नवे धोरण पडद्यावर रंगीत चित्रांतून दाखवले. त्यात चक्क माझाही फोटो होता. मी हुरळून गेले. वेडीच मी.

त्याच आठवड्यात बिजागऱ्या बसवणाऱ्या मावशींनी मला ओढले. एका बिजागरीला बारीक चीर होती. साहेब आले. त्यांनी आधी घड्याळाकडे बघितले, मग कपाळाला आठी घालून मावशींकडे.

"एवढ्याशा चिरेसाठी सगळं बंद पाडलंत? आज माल जायचाय, माहीत आहे ना?"

"साहेब, तुम्हीच सभेत म्हणालात की..."

"सभेतलं सभेत, मावशी."

आजूबाजूचे हसले. मावशी खाली मान घालून कामाला लागल्या. त्यानंतर माझ्याकडे कुणी हात नेईना. साहेबांनी मला काढून मात्र टाकले नाही. पाहुणे आले की मला कौतुकाने दाखवत. संध्याकाळी त्यांचा प्रश्न एकच, "आज किती शिड्या झाल्या?" चांगल्या किती झाल्या, हे त्यांनी कधी विचारले नाही.

पुढे तशीच चीर मावशींना पुन्हा दिसली. त्यांचा हात वर आला. बोटे मला लागलीसुद्धा. पण साहेब वरच्या कचेरीच्या काचेतून बघत होते. हात खाली गेला आणि शिडी पुढे सरकली.

ती लांब गेलीच नाही. कारखान्याच्या भिंतीवर उंचावर 'गुणवत्ता आधी' अशी मोठी अक्षरे रंगवायची होती. साहेबांनी तयार मालातून नेमकी तीच शिडी रंगाऱ्याला काढून दिली. त्याचा पहिला शब्द रंगवून झाला आणि बिजागरी तुटली. बिचाऱ्याच्या मांडीचे हाड मोडले. तो पुन्हा शिडीवर चढू शकणार नाही, असे म्हणतात.

साहेब सगळ्यांवर ओरडले, "दोरी होती ना? मग ओढली का नाही कुणी?"

मावशी तोंडाला पदर लावून रडत होत्या. मला जीभ असती तर मी साहेबांना चांगले सुनावले असते. धोरण पडद्यावर नव्हते साहेब, ते तुमच्या कपाळावरच्या आठीत होते, आणि लोकांनी ते बरोबर वाचले!

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातले काही साहेब होतील. माझ्यासारख्या दोऱ्या खुशाल बांधा. पण घंटा वाजली की घड्याळाकडे बघू नका. आधी "बरं केलंस" म्हणा. तेवढे जमणार नसेल तर आम्हाला शोभेला टांगू नका. भिंतीवर अजून नुसते 'गुणवत्ता' एवढेच लिहिलेले आहे. मावशी रोज माझ्याच खाली काम करतात आणि वर बघत नाहीत.