टॅनर्स रोमधली सतरा नावं

आर्कनशॉ ईस्ट हा आमचा मतदारसंघ १८८५ साली जन्मला आणि १९८३ च्या वसंतात कागदावरून पुसला गेला. सरकारी समितीने नकाशावर नव्या रेघा ओढल्या, आम्हाला शेजारच्या गावाला जोडून दिलं, झालं. वाचनालयाच्या समितीला वाटलं, जायच्या आधी त्याचा इतिहास तरी लिहून ठेवावा. वाचनालयात तीस वर्षं काढलेली मीच, तेव्हा काम माझ्या गळ्यात आलं.

आकडे सोपे होते. पहिली वीस वर्षं पिवळे म्हणजे उदारमतवादी, मग एकदा निळे म्हणजे हुजूर पक्ष, मग पुन्हा पिवळे. १९२२ ला पहिल्यांदा आमचे लाल, मजूर पक्षाचे. १९३१ ला सगळं धुऊन गेलं. १९४५ ला लाल नऊ हजारांनी, १९५० ला जेमतेम आठशेंनी. आणि १९५१ ला निळे, नऊ मतांनी. त्यानंतर तेरा वर्षं निळेच.

त्या नऊ मतांपाशी माझी लेखणी अडली. आकड्यात काही शंका नव्हती, तीनदा मोजणी झाली होती. पण त्या नऊ मतांचा धनी कोण, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं: क्लेम ऑर्मरॉड.

क्लेम आमच्याच गल्लीतला, टॅनर्स रोमधला, गिरणीत मागावर काम करणारा. मतदानाच्या दिवशी आमच्या पक्षाचा माणूस शाळेच्या दाराशी उभा राहून येणाऱ्यांचे नंबर टिपायचा. ते नंबर पक्षाच्या खोलीत जायचे आणि यादीतल्या त्या नावांवर रेघ पडायची. ज्यांच्या नावावर रेघ नाही त्यांची दारं संध्याकाळी ठोठावायची. त्या साली टॅनर्स रोची यादी क्लेमकडे होती. निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी पक्षाच्या क्लबात बोलणं सुरू झालं: क्लेमने दारं ठोठावलीच नाहीत. यादी खिशात घालून बसून राहिला. तीन आठवड्यांनी तो गिरणीत जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम झाला, आणि निळ्यांचा उमेदवार म्हणजे गिरणीमालकाचा चुलतभाऊ. मग पुराव्याची गरजच कुणाला होती?

त्याचं नावच 'नऊ' पडलं. "नऊ आला रे," म्हणत माणसं ग्लास उचलून दुसऱ्या टेबलावर जायची. खाटीक विचारायचा, "सॉसेज किती देऊ, क्लेम? नऊ?" आणि रांगेतल्या बायका हसायच्या. मीही हसले आहे. त्याची बायको आयव्ही माझी मैत्रीण होती. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यासाठी तिने पांढरं लोकरी जाकीट विणलं, ते मी चिठ्ठीसुद्धा न लिहिता पोस्टाने परत पाठवलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. वय लहान होतं, ही सबब आता मला स्वतःलाच पटत नाही.

आणि या सगळ्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या बापाचा होता. ॲम्ब्रोज एन्टविसल. क्लबात टेबलावर मूठ आपटून तोच म्हणाला होता, "आपल्या पोटच्या पोरासारखा वाढवला याला, आणि यानं आपल्याला विकलं!"

जुने कागद क्लबात होते. बिलियर्डच्या खोलीमागे एक कपाट आहे, त्याची किल्ली हॅरॉल्ड पिलिंगकडे. १९५१ ला तो वॉर्डाचा चिटणीस होता, १९८३ लाही चिटणीसच.

"कशाला हवेत तुला ते कागद?" त्याने विचारलं.

"इतिहास लिहितेय, हॅरॉल्ड. वाचनालयासाठी."

"आकडे सगळे नगरपालिकेत आहेत की."

"आकड्यांशिवाय पण काही असतं ना."

"तेच म्हणतोय मी." त्याने किल्ली बोटाभोवती फिरवली. "तुला कुणी पाठवलंय, नेली? खरं सांग. पक्षातल्या वरच्यांनी? की पेपरवाल्यांनी?"

"अरे, मला कोण पाठवणार? मी काय टपाल आहे?"

तो हसला नाही. त्याने कपाट उघडलं आणि खुर्ची ओढून दारातच बसला. मी एकेक गठ्ठा काढायची आणि तो विचारायचा, "ते काय आहे?" मी सांगायची, "वर्गणीच्या पावत्या." "आणि ते?" "सहलीचे फोटो." तास दीड तास हेच चाललं. मग त्याला बारवरून कुणीतरी फोनसाठी हाक मारली. तो उठला, माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं आणि नाइलाजाने गेला.

सगळ्यात खालच्या फळीवर, भिंतीला टेकवून, एक पुठ्ठ्याची फाईल होती. वरची चिठ्ठी कुणीतरी मुद्दाम खरवडून काढलेली. आत फक्त चार कागद. टॅनर्स रो, ऑक्टोबर १९५१.

मी ते कोटाच्या अस्तरात सरकवले. का, ते सांगता येत नाही. हॅरॉल्ड दारात बसला नसता तर कदाचित नीट मागून घेतले असते. जाताना तो म्हणाला, "पिशवी दाखव." मी दाखवली. पिशवीत छत्री आणि पाव होता.

घरी आल्यावर कागद खिडकीपाशी पसरले. मत देऊन गेलेल्यांच्या नावांवर निळ्या शाईची सरळ रेघ. पक्षाच्या खोलीत बसणाऱ्या मिसेस क्रॉम्प्टनच्या हातची, ती मी ओळखत होते. रेघ नसलेली नावं सतरा. आणि त्या प्रत्येकासमोर पेन्सिलीने, बारीक अक्षरात:

'५.४०. जातो म्हणाला.'

'६.१५. दार उघडलं नाही. आत दिवा.'

'७.०५. पुन्हा. जेवण झालं की जाते म्हणाली.'

'८.१०. कुत्रं सोडलं.'

अकरा क्रमांकाच्या घरासमोर दोन नावं. माझी आई, 'डोकं दुखतंय.' आणि ॲम्ब्रोज एन्टविसल: 'तीनदा गेलो. तिसऱ्यांदा घरी नाही. कबुतरांच्या खुराड्यात उजेड.'

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर हेच, की क्लेम किती लबाड आहे. हे त्याने नंतर बसून लिहिलं असणार. पेन्सिलीला तारीख थोडीच असते? बाप मत द्यायला गेला असेल आणि दाराशी नंबर सांगितला नसेल, तो होताच तसा हेकट. मी ते कागद तीन दिवस पुन्हा पुन्हा वाचले आणि दर वेळी क्लेमविरुद्ध नवं काहीतरी शोधून काढलं. पण एका ठिकाणी अडत होते. क्लेमने हे स्वतःला वाचवायला लिहिलं असेल, तर मग दाखवलं का नाही? आणि ते हॅरॉल्डच्या कपाटात, खरवडलेल्या चिठ्ठीखाली कसं?

बाप जाऊन बारा वर्षं झाली होती. आई होती, एक्याऐंशीची, नगरपालिकेच्या वृद्धांच्या घरांत तळमजल्यावर राहायची. रविवारी दुपारी गेले तेव्हा ती बटाटे सोलत होती.

"आई, एक्कावन्न साली बाबा मत द्यायला गेले होते का गं?"

सुरी थांबली नाही. "कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"तू नाही विचारत. तुझ्या आडून कुणीतरी विचारतंय. त्या पिलिंगनं पाठवलं का?"

मी कागद पुढे केला. तिने चष्मा लावला, वाचला, पुन्हा काढला.

"हा त्याच्याकडे होता?" ती म्हणाली. "हॅरॉल्डनं तर जाळला म्हणून सांगितलं होतं."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"सगळंच ठाऊक असतं बायकांना." तिने बटाटा पातेल्यात टाकला. "ऐक आता. सप्टेंबरात सभा झाली. आपलाच खासदार, आपण निवडून दिलेला. व्यासपीठावरून म्हणाला, टॅनर्स रो पाडली पाहिजे, तिथं डुकरंसुद्धा राहणार नाहीत. मी पहिल्या रांगेत होते, नेली. त्याच सकाळी पायरी घासून पांढरी केली होती मी. दर शुक्रवारी सगळ्याजणी करायचो. तो भला माणूस होता, आम्हाला चांगली घरं मिळावीत म्हणूनच बोलला असेल. पण डुकरं?"

"म्हणून तुम्ही सगळ्यांनी ठरवलं?"

"कुणी काही ठरवलं नाही गं. तीच तर गंमत. निळ्यांना मत? हात झडले असते आमचे. तेव्हा घरात बसायचं. प्रत्येकाला वाटलं, आपण एकटेच बसलोय, बाकीचे जातीलच की. तुझा बाप मला म्हणाला, जाऊन येतो. कोट घातला, टोपी घातली आणि मागच्या दारानं खुराड्यात जाऊन बसला. मी तरी कुठं गेले होते? पण ते मी त्याला सांगितलं नाही, आणि त्यानं मला."

तिने पुढचा बटाटा उचलला.

"दुसऱ्या दिवशी दुपारी नऊचा आकडा आला. तुझा बाप अंगणात जाऊन ओकला. मग संध्याकाळी क्लबात कोण जाणे कोण म्हणालं, क्लेम. तुझा बाप गप्प बसला असता ना, तरी मी त्याला माफ केलं असतं. पण तोच सगळ्यांत मोठ्यानं ओरडला. घरात बसलेले बाकीचेही ओरडले. ज्याचं दार जास्त वेळा वाजलं, तो जास्त ओरडला."

"आणि तू?"

"मी पायरी घासत राहिले," आई म्हणाली. "आणि आयव्ही समोरून आली की मी आत जायची."

क्लेम आणि आयव्ही तेव्हा कालव्याकाठी राहत होते. आयव्हीने दार उघडलं ते साखळी लावूनच. एकतीस वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो.

"पुस्तक लिहितेस म्हणे," ती फटीतून म्हणाली. "आता छापून पण घालायचंय का त्याला?"

"आयव्ही, मला यादी सापडली."

साखळी निघायला बराच वेळ लागला.

क्लेम शेगडीपाशी बसला होता. साठी उलटलेला, छातीत घरघर, गिरणीचा कापूस आत बसलेला. मी कागद त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं.

"कुठं मिळाला?"

"हॅरॉल्डच्या कपाटात."

"त्या रात्री मतदान संपल्यावर मी त्याच्याच हातात दिला होता. बोंब उठली तेव्हा मागायला गेलो, तर म्हणतो, हरवला." तो खोकला. "वॉर्ड त्याचा होता ना. त्याच्या वॉर्डात आपलेच लोक घरात बसले, हे वर कळलं असतं तर चिटणीसपद गेलं असतं. एक माणूस खोटा निघाला, हे सांगणं सोपं."

"मग तू का नाही बोललास? नावं तर तुला ठाऊक होती."

"कुणाला बोलू? त्या सतरा जणांनाच?" तो प्रथमच हसला. "कागद हातात नाही, आणि मी म्हणू की ॲम्ब्रोज एन्टविसल खुराड्यात लपला होता? गल्लीनं मला फाडून खाल्लं असतं."

"आणि जॉबरची जागा?"

बोलले आणि जीभ चावली. आयव्हीने कपबशी दाणकन ठेवली.

"बघितलंस?" ती क्लेमला म्हणाली. "अजूनही आहे हिच्या पोटात. अगं बाई, म्हातारा रॉथवेल वारला म्हणून जागा झाली. याचा नंबर दोन वर्षं आधीच लागला होता. विचारायचं होतंस की तेव्हा!"

मी माफी मागितली. जाकिटाची मागितली, खाटकाच्या दुकानातल्या हसण्याची मागितली. आयव्ही ऐकत राहिली, पण 'असू दे' असं काही म्हणाली नाही.

क्लेम म्हणाला, "माफी राहू दे. छाप. सगळी नावं छाप. सतराच्या सतरा."

रात्रंदिवस मी त्यावर विचार केला. सतरातले तेरा मेलेले होते. त्यांची मुलं, नातवंडं गावात होती, रोज वाचनालयात येत होती. क्लेमचा हक्क होता, तो मी नाकारत नाही. पण दुसऱ्याच्या मेलेल्या बापाचं नाव घालताना माझा हात चालेना. शेवटी पुस्तिकेत १९५१ च्या निकालाखाली मी एवढंच लिहिलं: 'त्या दिवशी टॅनर्स रोमधल्या आमच्या सतरा मतदारांनी मत दिलं नाही. त्यांत माझे वडील ॲम्ब्रोज आणि आई होती. क्लेम ऑर्मरॉड या प्रत्येकाच्या दारावर गेला होता, काहींच्या तीन वेळा. त्याच्यावर जो आरोप झाला तो खोटा होता आणि तो करणाऱ्यांत मीही होते.' छापायच्या आधी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "माझं नाव पण घाल. नुसती 'आई' काय?" तेव्हा घातलं: मार्था.

पुस्तिका आली आणि हॅरॉल्ड पिलिंगने वाचनालयाला पत्र पाठवलं की मी क्लबाची मालमत्ता चोरली. ते खरंच होतं. मी कागदाच्या नकला करून मूळ कागद परत केले, आणि समितीच्या बैठकीत त्याच्या समोर विचारलं की चिठ्ठी कुणी खरवडली. तो टोपी घेऊन उठून गेला. क्लबात काही जण म्हणाले, क्लेमनेच मागाहून लिहून कपाटात सारलं असेल. एकदा मुरलेला संशय असा एका पुस्तिकेने थोडाच जातो?

मग माणसं येऊ लागली. एकेकटी, वाचनालय बंद व्हायच्या सुमाराला. आधी उगाच एखादं पुस्तक चाळायची, मग टेबलावर वाकून हळूच विचारायची, "ती यादी... आमच्या घराचं नाव आहे का हो त्यात?" मी म्हणायची, "तुम्हाला काय वाटतं?" कुणी चिडून गेलं. कुणी म्हणालं, "आमचा बाप तसा नव्हता." एक मात्र, तेवीस क्रमांकाच्या घरातली मुलगी, आता स्वतः आजी झालेली, बराच वेळ उभी राहून म्हणाली, "आमच्याकडे कुत्रं होतं." आणि मला क्लेमचा पत्ता विचारला.

क्लेम माझ्यावर खूश नव्हता. "पंधरा राहिले," एवढंच तो मला रस्त्यात म्हणाला. आयव्ही मात्र मंगळवारी वाचनालयात यायला लागली, लोकरीच्या विणकामाची पुस्तकं न्यायची. एकदा शिक्का मारून घेताना तिने सांगितलं की त्या महिन्यात त्यांच्या दारावर तीन जण येऊन गेले. दोघांना क्लेमने आत घेतलं, शेगडीपाशी बसवलं, चहा प्यायले. टोपी हातात धरून आलेल्या तिसऱ्याला पायरीवरच उभं ठेवलं आणि दार लावून घेतलं.

तो तिसरा कोण, ते तिने सांगितलं नाही. माझा एकावर संशय आहे, पण मी विचारलं नाही.