मलिताच्या चुलीतला विस्तव

खोटं काही बोलले नव्हते मी. रविवारी चर्चमध्ये साक्ष द्यायची वेळ असते. ज्याच्यावर देवानं कृपा केली त्यानं उठून सगळ्यांसमोर सांगायचं, ही आमची रीत. मी उठले आणि म्हणाले, "शिरे नदी चढली. माझ्या डावीकडचं घर गेलं, उजवीकडचं गेलं, आणि माझ्या उंबऱ्याला शिवून पाणी मागे फिरलं. ज्याच्यावर भरवसा टाकला त्यानं मला राखलं."

एरवी अशा साक्षीवर बायका आनंदानं किलकारतात. त्या दिवशी कुणी हूं की चूं केलं नाही. उजवीकडचं घर मलिताचं होतं. तिची तियांजाने, दुधाचे दात पडायला लागलेली पोर, त्याच पाण्यात गेली होती. मलिता माझ्या मागच्याच बाकावर बसली होती.

"तुला राखलं," ती म्हणाली, "मग माझी पोर कुणाच्या राखणीत होती?"

माझ्या तोंडाला कुलूप नाही असं अख्खं गाव म्हणतं. ती मी मटकन खाली बसले.

तिथून सगळं फिरलं. म्हातारीच कशी वाचली? नवरा आधीच गेला, दोन मुलगे गेले, ही आपली ठणठणीत! कुणाची आयुष्यं खाऊन जगते? चेटकीण हा शब्द माझ्या तोंडावर कुणी काढला नाही, पण मला काय कळत नाही होय? आमच्या आळीत चूल विझली की बायका खापर घेऊन शेजारी विस्तव मागायला जातात. माझ्या दाराशी रोज सकाळी चार जणी कुचाळक्या करत उभ्या असायच्या. आता जन्मात काडी न ओढलेल्या बायाही काड्यापेट्या विकत आणायला लागल्या. चेटकिणीच्या चुलीतला विस्तव कोण नेणार? आणि तिला द्यायला तर त्याहून कुणी धजत नाही, कारण विस्तवाबरोबर घरातलं माणूस जातं म्हणतात.

मला सवय नाही हो गप्प बसायची. मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवायची, भोपळ्याच्या पाल्याबरोबर एकटीनं गिळायची, आणि भांड्यांशी बोलायचं. देवाशीही बोलायचे, पण तो काही उलट टोमणा मारत नाही, मग मजा काय?

शेवटी मंडळीतले वडीलधारे चिम्वेंडो आले. अंगणातच उभे राहिले, स्टूल दिलं तरी बसले नाहीत.

"आजी, थोडे दिवस ब्लांटायरला लेकीकडे जाऊन या की."

"थोडे म्हणजे किती? मरेपर्यंत?"

मी गाठोडं बांधलं. बांधता बांधता असा राग आला, देवाचा, गावाचा, माझ्या स्वतःच्या जिभेचा, की तांब्या उचलला आणि चुलीवर पालथा केला. फस्स झालं. मग फुटक्या घागरीचं खापर घेतलं आणि ऊन उतरायच्या आत, सगळ्यांच्या देखत, मलिताच्या नव्या झोपडीकडे निघाले. तिनं विस्तव दिला तर राहायचं. नाही दिला तर सकाळची बस.

आळीतली मुसळं थांबली.

"ओडी, येऊ का?" मी दारातून हाक दिली.

मलिता चुलीपुढे होती. वळली नाही. "काय पाहिजे?"

"विस्तव."

"तुझा देव राखतो ना तुला? त्यालाच माग."

"मागितला. त्यानं तुझ्या दारात पाठवलं."

"तोंड काही कमी होत नाही तुझं."

"नाही होत गं. तेवढंच उरलंय."

तिनं काटक्या पुढे सारल्या. मग चुलीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी मनगट धरलं होतं तिचं. घट्ट धरलं होतं. सुटलं."

"तुझ्या हातातून सुटलं, बाई. देवाच्या हातातून नाही. तिथून काही ओढून नेईल एवढी ताकद कुठल्या नदीत नाही."

"बघून आलीस?"

"नाही आले. माझे दोन मुलगे त्याच हातात आहेत, एवढं धरून रोज सकाळी उठते. रविवारी हेच सांगायला पाहिजे होतं. मी मेली उंबऱ्याचं कौतुक सांगत बसले!"

मलिता पदरात तोंड घालून रडली. मी दारातच उभी. आत ये म्हणाली नाही, मीही गेले नाही. मग तिनं डोळे पुसले आणि दोन निखारे काटकीवर घेतले. संशयातल्या बाईला हातात काही देत नाहीत, म्हणून मी खापर खाली ठेवायला वाकले.

"खाली कशाला ठेवतेस, आजी?" ती आळीला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली. त्या रविवारनंतर तिनं मला आजी म्हटलं नव्हतं. माझ्या हाताखाली हात धरून तिनं निखारे खापरात ठेवले. "फुंकत जा. वाटेत विझेल."

फुंकत फुंकत आले. बायकांनी वाट दिली. घरी चूल पेटवली, गाठोडं सोडून आधी पातेलं काढलं. डोळ्यांतून पाणी यायचं थांबेना. कुणी विचारलं असतं तर धुरानं आलं असं सांगितलं असतं, पण विचारायला होतं कोण? एकटीच जेवले.

निजायच्या आधी निखारे राखेखाली नीट पुरून ठेवले. सकाळी मलिताला लागले, तर माझ्याकडे असायला पाहिजेत.