ओठ हलले म्हणून

मिनेसोटातल्या एका छोट्या कॉलेजात अर्लिस ट्वेट बावीस वर्षं शरीरशास्त्र शिकवत होती. आता वर्ग भरत नव्हता. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि मुलं आपापल्या घरी. परीक्षेत पहारा कॅमेऱ्याचा. चोर कोण आणि साव कोण, हे एक प्रोग्रॅम ठरवायचा.

सोमवारी त्याने केलीन बोशीला लाल शेरा मारला. ओठ हलतात, नजर खाली, हात मानेकडे, म्हणजे कॉपी. केलीन वृद्धाश्रमात नोकरी करून शिकत होती. या विषयात नापास झाली की तिची नर्सिंगची जागा जाणार होती.

अर्लिसने परीक्षेचा व्हिडिओ पाहिला. पोरगी पुटपुटत स्वतःचीच हाडं चाचपत होती. आधी गळ्याजवळचं, मग खांदा, मग मनगटातली आठ, एकेक करून. हे तिला शिकवलं कुणी? अर्लिसनेच. "पुस्तक विसराल, अंग कुठं विसराल? बोट ठेवा नि नाव घ्या," असं ती दर वर्षी पहिल्याच दिवशी सांगायची.

तिने डीनला फोन लावला.

"मार्व, तिने कॉपी केली नाही. मीच शिकवलंय तसं."

"असेल गं. पण निकाल फिरवणं माझ्याही हातात नाही."

"मग कुणाच्या?"

"अपील कर." मार्व ओशाळला. "तेही तोच प्रोग्रॅम वाचतो म्हणा. तू आता नुसती मदतनीस, अर्लिस. करारात तसंच लिहिलंय."

अपिलाला चार मिनिटांत उत्तर आलं. शिक्षिकेचं मत पुरावा म्हणून धरता येत नाही.

संध्याकाळी केलीनचा फोन आला. "मॅडम, तुम्ही सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं गं."

"आणि तुमचंही ऐकलं नाही?"

तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. अर्लिसला तेच जास्त लागलं.

पुढची परीक्षा शुक्रवारी होती. उरलेल्या एकतीस जणांचा बळी कशाला द्यायचा, म्हणून तिने स्वतःच सूचना लिहिली: हात टेबलावर ठेवा. ओठ हलवू नका. अंगाला हात लावू नका. लिहिताना तिला स्वतःची लाज वाटली, तरी तिने ती पाठवली.

शुक्रवारी सगळे पुतळ्यासारखे बसले. लाल शेरा कुणालाच लागला नाही. मनगटाची आठ हाडं मात्र एकालाही पुरती आठवली नाहीत.